राखेखालची तार

रात्री झाकलेल्या निखाऱ्यांपैकी पहाटे एकच उरला होता, तोही बोराएवढा. म्हाळसाबाईनं बोटांनी राख बाजूला सारली तेव्हा तो करडा दिसत होता, विझल्यासारखाच. तिनं फुंकणी लावली. पहिल्या फुंकेला काही झालं नाही. दुसऱ्या फुंकेला त्याच्या एका कडेला केसाएवढी तांबडी रेघ उमटली, तिसऱ्या-चौथ्याला ती निम्म्यावर सरकली आणि पाचव्या फुंकेला सगळा निखारा डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल झाला. पाच फुंका. काल चार लागल्या होत्या.

तिनं त्यावर गोवरीचा तुकडा ठेवला, वर चार तुराट्या आडव्या रचल्या आणि मान मागं घेतली. तरी व्हायचं ते झालंच. तुराट्यांनी पेट घेण्याआधी पिवळसर धूर सोडला, तो कौलापर्यंत गेला आणि वाट न मिळाल्यासारखा परत खाली आला. तिच्या उजव्या डोळ्यातून पाणी वाहू लागलं. डाव्या डोळ्याला धुराचं काही वाटत नव्हतं. तो दोन वर्षांपूर्वीच गेला होता. त्याच्यावर दुधाच्या सायीसारखं फूल पडलं होतं आणि त्या डोळ्याला आता फक्त ऊन आणि सावली एवढंच कळत होतं.

एकोणीसशे सदतीस सालचा माघ महिना चालू होता. चूल पेटती होती, आणि ती अशी पेटती राहून अकरा वर्षं झाली होती.

म्हाळसाबाईच्या सासरी, मंद्रूपला, एक रीत होती. पुरुष मेंढरं घेऊन घराबाहेर पडला की तो परत येईपर्यंत घरची चूल विझू द्यायची नाही. दिवाळी झाली की मंद्रूपची मेंढरं भीमेपलीकडं, खाली विजापुराकडं चरायला जायची आणि मिरगाच्या आत परत यायची. तेवढे सात महिने बायका रोज रात्री निखारे राखेखाली झाकायच्या आणि रोज पहाटे उकरायच्या. परत आलेला गडी आधी पाणी मागायचा नाही. खांद्यावरचं घोंगडं टाकायचा आणि चुलीपुढं उकिडवा बसून त्या निखाऱ्यावर चिलीम पेटवायचा. मग तो घरी आला असं धरायचं.

तिचा नवरा ज्ञानबा रस्त्यातूनच ओरडत यायचा, “चूल पेटती हाय न्हवं?” चिमटा त्याला कधी लागला नाही. निखारा तो दोन बोटांत उचलायचा, या तळहातावरून त्या तळहातावर दोनदा लोटायचा आणि चिलमीत टाकायचा. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तिनं घाबरून विचारलं होतं, “पोळत न्हाय व्हय?” तो म्हणाला होता, “आपल्या घरचा इस्तू पोळत न्हाय.”

अकरा वर्षांपूर्वी मेंढरं परत आली. ज्ञानबा आला नाही. बरोबरच्या माणसांनी सांगितलं की त्यानं आपला वाटा तिकडंच विकला आणि तो पुढं गेला. कशासाठी, ते कुणालाच सांगता आलं नाही. एकानं त्याला हुबळीच्या बाजारात पाहिलं होतं. दुसरा म्हणाला, रेल्वेच्या कामावर आणखी खाली गेला. पुढच्या मिरगाला म्हाळसाबाई रोज संध्याकाळी वेशीपर्यंत जाऊन आली. तिसऱ्या वर्षी मुलाच्या शिक्षणासाठी ती सोलापूरला आली, तेव्हा मंद्रूपच्या चुलीतले निखारे तिनं गाडग्यात गोवरीच्या चुऱ्यात पुरून, बैलगाडीत मांडीवर धरून आणले. दिराला, येडूला, तिनं बजावून ठेवलं होतं, “त्ये आलं की सरळ सोलापूरला लावून द्या. लष्कराच्या अलीकडं, चन्नम्माच्या शेजारचं घर.”

या अकरा वर्षांत चूल दोनदा विझली होती. ते तिला आणि शेजारच्या चन्नम्माला ठाऊक होतं. तिसऱ्या कुणाला नाही.

मुलगा धोंडीराम आता चोवीस वर्षांचा होता आणि विजेच्या कंपनीत वायरमन होता. दसऱ्याच्या सुमाराला त्यानं आईला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बॅटरीचा उजेड पाडून उजवा डोळा पाहिला, पापणी उलटून पाहिली आणि विचारलं, “स्वैपाक चुलीवर करता?”

“मग कशावर करू?” म्हाळसाबाई म्हणाली.

“धूर बंद करा. हा डोळा राहील. नाही केलात तर दोन पावसाळे, फार तर तीन. मग हाही गेला.”

परतताना धोंडीराम म्हणाला, “आये, विजेची शेगडी घेऊ. धूर न्हाय, राख न्हाय.” ती म्हणाली, “बघू.” दिवाळीत त्यानं स्वैपाकघराच्या भिंतीवर जाड तार ओढून खटका बसवून ठेवला आणि परत विचारलं. ती म्हणाली, “बघू.” संक्रांतीची गड्ड्याची जत्रा झाली. खटका नुसताच भिंतीवर होता. सून सोनाबाई त्याच्यावरची धूळ पुसायची.

आज मात्र धोंडीरामनं तिला विचारलं नाही. सकाळी रात्रपाळीहून आला, तोंड धुतलं आणि म्हणाला, “लुगडं बदल आये. सात रस्त्याला जाऊ. नुसतं बघून तर येशील?”

बघायला तिची ना नव्हती.

पंचाक्षरीच्या दुकानात दिवे होते, तारांची भेंडोळी होती, इस्त्र्या होत्या, आणि मागच्या फळीवर दोन शेगड्या होत्या. पंचाक्षरी जाडजूड, कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेला माणूस. त्यानं लगेच स्टूल पुढं सरकवलं.

“बसा की, अव्वा. आलात एकदाचं! चार महिने झाले, तुमचा पोरगा येतोय, शेगडीवरनं हात फिरवतोय, आन ‘आईला विचारून सांगतो’ म्हणून जातोय. येवढ्या वेळात आमच्या घरच्यांनी पाटल्या घेतल्या असत्या, मोडल्या असत्या आन दुसऱ्या करून आणल्या असत्या.”

“तुमच्या घरच्यांचे डोळे चांगले असतील,” म्हाळसाबाई म्हणाली. “मला जवळनं दाखवा.”

पंचाक्षरीनं दोन्ही शेगड्या खाली काढल्या. एकीत पांढऱ्या चिनी मातीच्या थाळीत नागमोडी खाच होती आणि त्या खाचेत स्प्रिंगसारखी वळलेली तार उघडीच बसवलेली होती. दुसरीत तार दिसतच नव्हती. वर नुसता काळा, सपाट लोखंडी पाट.

“ही उघड्या तारेची. ही झाकल्या तारेची,” पंचाक्षरी म्हणाला. “उघडी लवकर तापते, झाकलेली सावकाश. पण झाकलेलीवर दूध उतू गेलं तर पुसून टाकायचं. उघडीवर गेलं तर माझ्याकडं यायचं.”

त्यानं आधी झाकलेली लावली. म्हाळसाबाई वाकून बघत राहिली. पाट काळा होता तो काळाच राहिला. पंचाक्षरीनं बोट ओलं करून एक थेंब टाकला. थेंब पाटावर तडतडत इकडून तिकडं पळाला आणि नाहीसा झाला.

“तापली हाय म्हणायची,” ती म्हणाली. “पण दिसंना की काय.”

मग त्यानं उघडी लावली. म्हाळसाबाई मनात आकडे मोजू लागली, ते तिच्या अंगवळणीच पडलं होतं. दहापर्यंत काही नाही. अकराला तारेच्या मधल्या वेढ्याला गर्द तांबूस रंग आला. वीसला सगळी तार लाल झाली आणि तिच्यावरची हवा थरथरू लागली. म्हाळसाबाई इतकी पुढं झुकली की धोंडीरामनं तिचा खांदा धरला.

“ह्यो तर निखाराच हाय की रे,” ती हळू म्हणाली.

“निखाराच, पण बोट लावू नका,” पंचाक्षरी म्हणाला.

“आन बंद केली तर?”

त्यानं खटका खाली केला. लाल रंग कडेनं आत आत गेला. पंधरा मोजेपर्यंत तार काळी पडली होती.

“मग हिचा इस्तू झाकायचा कसा?”

पंचाक्षरीनं धोंडीरामकडं पाहिलं, मग तिच्याकडं. “झाकायचा कशाला, अव्वा? खटका वर केला की पुन्हा आहेच.”

“म्हंजी रातच्याला हिच्यात काय ऱ्हात न्हाय.”

“काय ऱ्हायचं? गार तार.”

दुकानाबाहेरून टांगे जात होते, कुणी तरी कानडीत हमालाला शिव्या घालत होतं. धोंडीरामनं विचारलं, “कुठली आये?”

“बघू,” ती म्हणाली.

पंचाक्षरीनं दोन्ही हात वर केले. मग त्यालाच काय वाटलं कुणास ठाऊक. म्हणाला, “असं करा, एक घेऊन जा. आठ दिवस घरात वापरा. न्हाय जमली तर परत आणा. पोरगा कंपनीतला आहे, मला काय भीती? कुठली देऊ?”

म्हाळसाबाईनं उघड्या तारेच्या शेगडीकडं बोट केलं. “लाल झालेली. ती.”

घरी सोनाबाईनं चुलीशेजारची शहाबादी फरशी धुऊन पुसून ठेवली होती. शेगडी तिच्यावर ठेवली, खटका वर केला आणि सोनाबाईनं चहाचं पातेलं चढवलं. पाणी उकळलं तेव्हा ती लहान मुलीसारखी टाळ्या वाजवायची तेवढी राहिली.

“आत्याबाई, फुंकावं लागलं न्हाय की एकदाबी!”

“फुंकायला काय हात दुखतात व्हय तुझे?”

“हात न्हाय. तोंड दुखतं.”

संध्याकाळी भाकरीची वेळ झाली तेव्हा मात्र शेगडीची परीक्षा सुरू झाली. म्हाळसाबाईचा तवा खोल, गोल बुडाचा, तीन धोंड्यांच्या चुलीवर बसणारा. सपाट शेगडीवर तो एका अंगावर कलंडला, मग दुसऱ्या.

“तवा नाचतोय,” सोनाबाई म्हणाली आणि चन्नम्माकडून सपाट तवा मागून आणला. भाकरी थापली, टाकली, पाणी फिरवलं, उलटली. इथवर ठीक. पण तव्यावरून उतरवलेली भाकरी चुलीत पुढं ओढलेल्या निखाऱ्यांना टेकवून उभी करायची असते. तिथं ती टम्म फुगते. इथं टेकवायची कशाला? लाल तारेला भाकरी लावता येईना. सोनाबाईनं ती तव्यावरच फडक्यानं दाबली. भाकरी शेकली, फुगली नाही.

धोंडीराम जेवला आणि म्हणाला, “झ्याक झालीय की.”

“खोटं बोलताना डावा कान खाजवतोस. बापासारखा,” म्हाळसाबाई म्हणाली.

तो हसला आणि दुसरी भाकरी मागून घेतली. जेवून तो पाळीवर गेला.

त्या संध्याकाळी आणखी एक गोष्ट झाली, ती म्हाळसाबाईनं कुणाला सांगितली नाही. दुपारपासून चूल नुसती झाकून ठेवलेली होती, धूर नव्हता. तिचा उजवा डोळा गळायचा थांबला होता. सोनाबाई शेगडीपाशी वाकली होती आणि तिच्या तोंडावर दिव्याचा उजेड पडला होता. तिच्या हनुवटीवर गोंदलेलं होतं, ते म्हाळसाबाईला लग्नापासून माहीत होतं. पण तिला तो एक ठिपका वाटत होता. ते तीन होते. तिनं पुन्हा पाहिलं. जवळ जवळ, एकाखाली एक, तीन. दोन वर्षं सून घरात वावरत होती आणि तिनं आपल्या सुनेचं तोंड पुरतं पाहिलेलं नव्हतं.

मग ज्ञानबाचं तोंड आठवायचा तिनं प्रयत्न केला. मुंडासं आठवलं. चिलमीवर वाकलेली मान आठवली, निखाऱ्याच्या उजेडात लाल झालेली बोटं आठवली, घोंगड्याला येणारा लोकरीचा आणि पावसाचा वास आठवला. तोंडापाशी आलं की सगळं पुसट व्हायचं. तिला वाटलं, हा दुसरा डोळाही गेला आणि मग तो दारात येऊन उभा राहिला, तर आपण त्याला कशानं ओळखणार? आवाजानं? अकरा वर्षांत आवाजही म्हातारा झाला असेल.

सोनाबाई भांडी घेऊन नळावर गेली. म्हाळसाबाई चूल आणि शेगडी यांच्या मध्ये बसून राहिली. एका बाजूला राखेचा ढीग होता, दुसऱ्या बाजूला लाल तार. खटका खाली करायचा राहिला होता. करायला हात होत नव्हता. पंचाक्षरी म्हणाला होता, हिच्यात रात्री काही राहत नाही. पण त्यानं कधी झाकून पाहिलं होतं? बाजारातल्या माणसाला झाकणं काय माहीत असणार? निखारा उघडा टाकला तर तोही सकाळपर्यंत राहत नाही. कुठलाही विस्तव झाकल्याशिवाय टिकत नाही, आणि झाकायचं कसं ते तिच्याइतकं कुणाला येत होतं?

तिनं ठरवलं, झाकून बघू. पहाटे तार ऊबदार निघाली, तर या शेगडीला घरची चूल म्हणता येईल. मग धोंडीला हो म्हणायचं. ज्ञानबा आला तर राख उकरेल, खाली लाल तार बघून मोठ्यानं हसेल, पण विस्तव घरात असेल.

झाकायची राख गरम लागते, गार राख घातली तर निखारा दबतो, हे तिला सासूनं शिकवलं होतं. म्हणून तिनं चुलीतल्या निखाऱ्यांवरचीच राख घेतली. एक मूठ, दुसरी, तिसरी. चुलीत खाली थोडी उरली होती, तिला ती पुरेशी वाटली. तारेवर राख पडली तेव्हा आधी तिच्यातून लाल दिसत राहिलं, मग पडद्यामागच्या दिव्यासारखं अंधूक झालं, मग दिसेनासं झालं. अगदी निखाऱ्यासारखंच. तिनं तळहातानं राख थोपटली. ऊब लागत होती.

“जमतंय की,” ती स्वतःशीच म्हणाली आणि खटका वरच ठेवून निजायला गेली.

गिरणीचा पहिला भोंगा व्हायच्या आधी ती उठली. दिवा लावायच्या आत तिनं अंधारात हात पुढं केला आणि राखेवर ठेवला.

राख गार होती.

तिनं बोटांनी ती बाजूला सारली. तार काळी होती. फुंकणी हाताला लागली तशी तिनं उचलली आणि तारेवर फुंक घातली. एक. दोन. पाच. नऊ. राख डोळ्यांत गेली. दहाव्या फुंकेला तिला आपण काय करतोय ते कळलं आणि ती चुलीकडं वळली.

चुलीत राखेचा पातळ थर होता आणि त्यात निखाऱ्यांचे पांढरे आकार तसेच होते. बोराएवढे, सुपारीएवढे. तिनं एकाला बोट लावलं. तो ढासळला. दुसऱ्याला लावलं, तोही. आत काही नव्हतं. सगळे रात्रीत जळून संपले होते.

सोनाबाई दिवा लावून आत आली तेव्हा सासू दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. कोपरापर्यंत राख होती. सोनाबाईनं शेगडीकडं पाहिलं, चुलीकडं पाहिलं. तिनं पुढं होऊन खटका खाली केला आणि सासूच्या शेजारी बसली.

धोंडीराम पाळीवरून आला तो दारातच थबकला. मग चपला काढल्या, आत आला, शेगडी उचलून उंबऱ्यात उजेडाला नेली. फुंकून फुंकून राख झटकली आणि बराच वेळ निरखत राहिला.

“हे बघ, आये.”

तार मध्ये तुटली होती. तुटल्या टोकाला मोहरीएवढा गोल, चकचकीत मणी झाला होता.

“वितळलीय,” तो म्हणाला. “तारेला उघडी हवा लागती. ऊब बाहेर जात ऱ्हायली तरच ती टिकती. तू राख घातलीस, ऊब आतच कोंडली. तार तापत गेली, तापत गेली, आन आतल्या आत वितळली.”

“आन चुलीतला?”

“त्याचं उलटं. त्याला हवा थोडी मिळाली तर त्यो दमानं जळतो. तू त्याची राख काढलीस. लगालगा जळून गेला.”

“दोघांचं उलटं,” म्हाळसाबाई म्हणाली. ती त्या मण्याकडं बघत होती. उजव्या डोळ्यानं तो तिला नीट दिसत होता. “मी दोघांनाबी सारखंच समजले.”

“तुला कुणी सांगितलं न्हवतं.”

“पंचाक्षरीनं सांगितलं हुतं. मी ऐकलं न्हाय.” तिनं पदरानं हाताची राख पुसली. “त्याला काय सांगशील?”

“खरं सांगीन. आठ दिवस हसंल. ते मी बघतो.”

तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली आणि चन्नम्मा आत आली. पदर खोचलेला, हातात खापराचा तुकडा, त्यात राखेवर ठेवलेले तीन निखारे.

“दिवस उगवायला आला, आन तुमच्या कौलातनं धूर न्हाय,” ती म्हणाली. “मला वाटलं, म्हातारी मेली.”

“मेले न्हाय.”

“मग घे. हात भाजतोय माझा.”

तिनं खापर फरशीवर ठेवलं. मग धोंडीरामकडं पाठ करून, पण त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं कुजबुजली, “घाल चुलीत, म्हाळसाक्का. मागं दोनदा घातलास तसा. कुणाला काय कळतंय?”

धोंडीरामनं मान वर केली. “मागं दोनदा?”

चन्नम्मानं तोंडावर पदर घेतला. म्हाळसाबाईनं मुलाकडं पाहिलं. मग म्हणाली, “एकदा तू तापानं फणफणला हुतास तवा. चार दिवस तुझ्या उशापासनं उठले न्हाय. आन एकदा कौल गळलं, चुलीत पाणी झालं तवा.”

“म्हंजी ह्यो इस्तू... मंद्रूपचा न्हवंच? बाबांच्या वक्ताचा न्हवं?”

“इस्तू चन्नम्माचाच. वाट तेवढी माझी.”

धोंडीराम आईकडं बघत राहिला. लहानपणी एकदा त्यानं मस्तीत चुलीच्या कडेला पाणी सांडलं होतं, तेव्हा तिनं त्याला मारलं नव्हतं, निखारे एकेक करून कोरड्या राखेत ओढले होते. त्यानं तुटकी शेगडी खाली ठेवली आणि तिच्यासमोर बसला.

म्हाळसाबाईनं खापर ओढून जवळ घेतलं. निखारे छान लाल होते. चिमटा चुलीशेजारीच पडला होता. तिनं तो घेतला नाही. तिनं दोन बोटं पुढं केली आणि त्यांतला सगळ्यांत मोठा निखारा, सुपारीएवढा, तसाच उचलला, जसा ज्ञानबा उचलायचा.

तळहातापर्यंतही तो गेला नाही. बोटं झटकन उघडली आणि निखारा शहाबादी फरशीवर पडला.

“आत्याबाई!” सोनाबाई ओरडली आणि चिमट्याकडं झेपावली.

“ऱ्हाऊ दे.”

“अगं घाल की चुलीत,” चन्नम्मा म्हणाली. “गार व्हतोय बघ.”

“ऱ्हाऊ दे म्हणते न्हवं.”

सोनाबाईनं तांब्या पुढं केला. म्हाळसाबाईनं बोटं पाण्यात बुडवली आणि तशीच बसून निखाऱ्याकडं बघत राहिली. ती मोजत होती, पण ओठ हलत नव्हते. फरशीला टेकलेली बाजू आधी काळी पडली. वरच्या लालीवर राखेचं बारीक साल चढलं, ते एका जागी फाटलं, त्यातून परत एकदा लाल दिसलं. मग तेही गेलं. चाळीसला तो करडा झाला होता. घरात धूर नव्हता. निखारा कसा विझतो ते पहिल्यापासून शेवटपर्यंत तिनं आज पाहिलं. इतकी वर्षं तिनं त्याला एवढा वेळ कधी दिलाच नव्हता.

बाहेर दुसरा भोंगा झाला. समोरच्या बोळातून गिरणीच्या माणसांची पावलं वाजू लागली आणि सवयीनं तिचा कान त्या पावलांकडं गेला. एक पाऊल दारापाशी थोडं हळू झालं. तिनं दाराकडं मान वळवली. पाऊल पुढं निघून गेलं.

तिनं तांब्यातून बोटं काढली. दोन्ही बोटांवर फोड येऊ लागले होते.

“धोंडी,” ती म्हणाली.

“हां.”

“पंचाक्षरीकडं जाशील तवा ती दुसरी घेऊन ये. झाकल्या तारेची. सपाट तवाबी एक आण, चन्नम्माचा तिला दिऊन टाकू.”

सोनाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. मग धीर करून विचारलं, “आन चूल, आत्याबाई?”

“चूल आज काढून टाकायची. दुपारी तू आन मी मिळून हितं सारवून घिऊ.” म्हाळसाबाईनं खापरातल्या उरलेल्या दोन निखाऱ्यांसकट खापर चन्नम्माच्या हातात परत दिलं आणि मुलाकडं वळली. “आन तुझा बाप आलाच कधी, तर चिलमीला त्याला काड्याची पेटी दिऊ.”